ज्वारीवर ज्वारी, आणि पुढे म्युनिक

पत्र : माझ्या मुलीला (वय २२) दोन वर्षांपूर्वी सिलिॲकचं निदान झालं. गहू, रवा, मैदा सगळं बंद आहे. घरात आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मुलगा म्युनिकला शिकतो. मे महिन्यात आम्ही तिघं त्याच्याकडे नऊ दिवस आणि तिथून रेल्वेने इटलीत पाच दिवस (व्हेरोना, व्हेनिस) जाणार आहोत. मुलगी म्हणते, केळी आणि चिप्सवर काढीन. तिचे बाबा म्हणतात, तिकडे इंडियन हॉटेलं भरपूर आहेत, आणि चौदा दिवसांत थोडंफार पोटात गेलं तर काय बिघडतंय? सोबत काय न्यावं आणि बाहेर काय खावं, नीट सांगाल का?
– एक आई, जुळे सोलापूर

ताई, आधी बाबांच्या ‘थोडंफार’चा हिशोब करू. सिलिॲकच्या माणसाने दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यांतलं चिकट प्रथिन) ठेवावं, असं धरून चालतात. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये ते दोन ग्रॅमच्या वर असतं, म्हणजे दोनशे पटींहून जास्त. चिमूटभर कणकेतसुद्धा दिवसाची मर्यादा संपते. आणि पोट दुखलं नाही म्हणजे आतड्याला काही झालं नाही, असंही नाही. गहू, जव आणि राय (गव्हासारखं एक युरोपीय धान्य, मोहरी नव्हे) या तिन्हींतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तरावर तुटून पडते. ते वरून कळेलच असं नाही. तेव्हा ‘थोडं चालतं’ हा विषय घर सोडण्याआधीच मिटवा. व्हेनिसमध्ये भुकेल्या पोटी, ताट समोर असताना त्यावर वाद नको.

केळी-चिप्सची मात्र गरज नाही. युरोपात पाकिटावरचा मजकूर इतका काटेकोर असतो की वाचता आला तर निम्मं काम झालं. खरी भीती तुमच्या बॅगेतल्या डब्याची आणि बाबांच्या त्या इंडियन हॉटेलांची आहे.

डब्यापासून सुरुवात करू. सोलापूरकरांना परदेशी नेण्यासाठी कडक भाकरीसारखी दुसरी सोय नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही, कडक भाकरी कोरडी असल्याने महिनाभर टिकते, आणि शेंगाची चटणी असली की जेवण झालं. पण पीठ कुठलं? गिरणीत गव्हाच्या दळणानंतर तुमची ज्वारी पडली तर जात्यात आणि नळीत अडकलेली कणीक तुमच्याच पिठात उतरते. आपण गिरणीवाल्याला ‘ज्वारीवर ज्वारी टाका’ म्हणतो ते चवीसाठी. इथे तेवढ्याने भागत नाही, कारण गव्हाची धूळ त्या खोलीभर असते आणि चाळणी, डबा, हात सगळं तेच असतं. घरगुती चक्की असेल आणि तिच्यात गहू कधीच दळला नसेल तर ती वापरा. नाहीतर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलं ज्वारीचं पीठ पाकिटातलं घ्या. आपल्याकडे हा शब्द छापायचा तर किलोला २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. ‘लो ग्लुटेन’ लिहिलं असेल तर त्यात १०० पर्यंत असू शकतं, ते घेऊ नका.

बाजारातली तयार कडक भाकरी चवीला उत्तम, पण मुलीसाठी ती नको. विकणाऱ्या बाई प्रामाणिकपणे ‘शंभर टक्के ज्वारी’ म्हणतील आणि ते खरंही असेल. फक्त तीच ज्वारी गावच्या गिरणीतून आलेली असते आणि त्याच तव्यावर सकाळी चपात्या झालेल्या असतात. त्यामुळे मुलीच्या भाकऱ्या घरीच, वेगळ्या तव्यावर करा. नेहमीपेक्षा पातळ थापा, दोन्हीकडून भाजून घ्या, मग मंद आचेवर कापडाने दाबत दाबत पूर्ण कडक होऊ द्या. मधोमध जरा मऊ राहिली तर आठवड्यात तिथेच बुरशी धरते. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, गरम भाकरीची वाफ सगळा थर चिवट करते. पसरट, कडक झाकणाचा डबा घ्या, प्रत्येक पाच-सहा भाकऱ्यांमागे कोरडा कागद घाला, आणि डबा बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा. एका वेळच्या जेवणाला दोन धरल्या तर चौदा दिवसांच्या २८ होतात. प्रवासाच्या आणि मोडतोडीच्या मिळून ४० करा. चुरा झाला तरी तो ताकात किंवा गरम वरणात चालतो.

शेंगाच्या चटणीत शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं एवढंच असतं, त्यामुळे तीत अडचण नाही. अर्धा किलो पुरे: रोज दोन मोठे चमचे म्हणजे साधारण ३० ग्रॅम, आणि त्यातून सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. बाहेर डाळ मिळणार नाही त्या दिवशी हाच आधार. चटणीला तेल सुटतं म्हणून आधी जाड पिशवीत, मग डब्यात, आणि ती चेक-इन बॅगेत टाका. विमानात खायला म्हणून ती हातातल्या बॅगेत ठेवू नका. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेला प्रवासी शेजारी असू शकतो.

आता हिंग. दुकानात मिळणारं डबीतलं हिंग म्हणजे बांधणी हिंग. त्यात खरं हिंग थोडं, बाकी डिंक आणि बहुतेकदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. डबीमागे बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. म्हणजे जिथे हिंग आहे तिथे गव्हाची शंका धरायची: काळा मसाला, लोणचं, उडदाचे पापड, तयार खिचडीची पाकिटं, सांबार मसाला. मुलीच्या डब्यातून हिंग सरळ काढून टाका, फोडणीला जिरं-लसूण पुरतं. मेतकूटही नको, त्यात भाजलेला गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीत आणि धपाट्यांत बहुधा गहू असतोच. ‘घरचं आहे’ म्हणून या तीन गोष्टी हमखास बॅगेत जातात.

याउलट उपवासाचा कप्पा जवळजवळ सगळा तुमच्या कामाचा आहे. भगर, साबुदाणा, राजगिऱ्याचे लाडू, शिंगाड्याचं पीठ यांतल्या कशातच गहू नाही. फक्त पीठं बंद पाकिटातली घ्या. इटलीत स्वयंपाकघर नसेल तेव्हासाठी कोरडे पोहे करून न्या. पाव किलो पातळ पोहे कोरडे भाजा, त्यावर तेल, मोहरी, हळद, वाळवलेला कढीपत्ता आणि शेंगदाण्यांची फोडणी, मग मीठ, थोडी पिठीसाखर आणि चिमूटभर लिंबूसत्व. ६० ग्रॅमच्या पुड्या बांधा. खोलीतल्या किटलीतलं उकळतं पाणी पोह्यांच्या जेमतेम वर येईल इतकंच घालून पाच मिनिटं झाकायचं. जास्त घातलंत तर लापशी होते.

काय नेऊ नये तेही सांगतो, कारण विमानतळावर रडू येतं ते यामुळे. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, पनीर, दूध पावडर सगळं त्यात येतं. लहान बाळाचं आणि औषधी कारणाचं बंद पाकिटातलं खाणं वगळलंय, पण घरचं तूप त्यात बसवता येणार नाही. मे महिना असल्याने हापूस न्यायचा मोह होईल. तोही नाही, आणि ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबंही नाहीत. ताज्या फळांत केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच वनस्पती-तपासणीच्या दाखल्याशिवाय मुभा आहे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या टाकू नका, त्यातल्या तेलामुळे त्या ज्वलनशील म्हणून सामानातून काढतात. विमान आखातात बदलणार असेल तर मसाल्यात खसखस नको. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, आणि तिथल्या कायद्याशी घोळ घालण्यात शहाणपण नाही.

विमानातलं जेवण ही दोन पथ्यांची पहिली टक्कर. विमान कंपनीकडे ‘ग्लुटेन-फ्री’ जेवण (त्यांच्या भाषेत जीएफएमएल) मागितलं तर ते बहुधा चिकनचं येतं. ‘एशियन व्हेजिटेरियन’ (एव्हीएमएल) मागितलं तर पोळी किंवा नान येतो. दोन्ही एकत्र बुकिंगच्या चौकटीत बसत नाही. त्यामुळे फळांची थाळी मागा, तिचा संकेत एफपीएमएल. प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधी मागायची, आणि विमान बदलणार असेल तर दोन्ही टप्प्यांसाठी नोंद झाली का ते फोन करून विचारा. पोट भरायला स्वतःचा डबा हवाच. सोलापूर सोडल्यापासून म्युनिकच्या घरी पोहोचेपर्यंत सहज एक रात्र आणि एक दिवस जातो. पाच वेळच्या खाण्याचा कोरडा डबा हातातल्या बॅगेत ठेवा: भाकऱ्या, राजगिरा लाडू, खारीक, फुटाणे. लोणचं, ओली चटणी, दही यांना सुरक्षा तपासणीत द्रवाचाच नियम लागतो, १०० मिलिलिटरच्या वर नाही. डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र (आजाराचं नाव, सोबतचं खाणं वैद्यकीय गरजेचं आहे हे वाक्य, सही-शिक्का) डब्याबरोबरच ठेवा.

म्युनिकला पोहोचल्यावर पहिलं काम मुलाच्या स्वयंपाकघराचं. विद्यार्थ्यांच्या सामाईक स्वयंपाकघरात चरे पडलेला नॉनस्टिक तवा, लाकडी उलथनं, पास्ता गाळायची चाळणी आणि टोस्टर या चार जागी ग्लुटेन घर करून बसतं, आणि धुऊन जात नाही. मुलाला आत्ताच सांगा: एक नवीन पॅन, एक पातेलं, एक चमचा, एक स्पंज घेऊन बाजूला ठेव. फ्रीजमधलं बटर आणि जॅम मुलीसाठी वेगळं, कारण ब्रेडवर फिरलेली सुरी त्याच डब्यात जाते. तुमच्याकडचं विजेचं भांडं न्यायचं असेल तर दाब तिकडेही २३० व्होल्टच आहे. आपल्या जाड तीन गोल पिनांचा प्लग मात्र बसत नाही, ॲडॅप्टर लागतो. बारीक दोन पिनांचा चालतो.

खरेदीला मोठं सुपरमार्केट किंवा डीएमसारखं ड्रगस्टोअर चांगलं. नाव औषधांच्या दुकानासारखं असलं तरी तिथे ग्लुटेनविरहित किराण्याचा स्वतंत्र कप्पा असतो. वेळ सांभाळा. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, दुकानं रात्री आठला बंद, आणि रविवारी व सणाला उघडतच नाहीत. मे महिन्यात तिकडे सुट्ट्याही बऱ्याच येतात. शनिवारीच दोन दिवसांचं आणून ठेवा. अडलंच तर मोठ्या रेल्वे स्थानकातली दुकानं रविवारी चालू असतात.

पाकीट वाचण्यात मुलगा मदत करेल, पण कशाकडे बघायचं हे मुलीला स्वतःला यायला हवं. युरोपीय कायद्याप्रमाणे १४ ॲलर्जीकारक घटक यादीत ठळक छापावे लागतात. त्यात ग्लुटेनची धान्यं, अंडं आणि दूध येतं. म्हणजे जर्मनीत ठळक अक्षरात वाइत्सन (गहू), गेर्स्टे (जव), रॉगन (राय), डिंकल (गव्हाचाच भाऊ) दिसलं की पाकीट खाली. ‘ग्लूटेनफ्राय’ छापलेलं असेल तर किलोला २० मिलिग्रॅमच्या आत असल्याची हमी. जिलेटिन, चरबी, मांसाचा अर्क आणि चीजमधलं रेनेट (दूध गोठवायला वापरतात ते, बरेचदा वासराच्या जठरातलं) या १४ मध्ये नाहीत, म्हणून ते ठळक छापत नाहीत. तुमच्या दुसऱ्या पथ्यासाठी पूर्ण यादी वाचावी लागेल. शिवाय ग्लुटेनविरहित ब्रेड फुगावा म्हणून त्यात बरेचदा अंड्याचा पांढरा भाग घालतात. ‘आयवाइस’ हा शब्द घटकांच्या यादीत आला तर तो अंड्याचा, आणि खालच्या पोषणाच्या तक्त्यात आला तर त्याचा अर्थ नुसतं प्रथिन. एवढ्यावरून चांगलं पाकीट परत ठेवू नका.

यावर सोपा उपाय एकच: एकाच पाकिटावर ‘ग्लूटेनफ्राय’ आणि ‘व्हेगन’ दोन्ही शोधा. व्हेगन म्हटलं की अंडं, जिलेटिन, चरबी, रेनेट सगळं एका दमात बाद. नुसतं ‘व्हेगन’ मात्र पुरत नाही. व्हेगन कटलेट-सॉसेज पुष्कळदा सेइतानची असतात, आणि सेइतान म्हणजे शुद्ध गव्हाचं ग्लुटेनच. सकाळच्या कॉर्नफ्लेक्समध्ये जवाचं माल्ट असतं, साध्या सोया सॉसमध्ये गहू. उलट ‘बुखवाइत्सन’मध्ये वाइत्सन दिसलं तरी तो कुट्टू, बिनधास्त घ्या. तूप हवं असेल तर ‘बुटरश्माल्त्स’ मागा, ते बरोबर आपलं तूप. नुसतं ‘श्माल्त्स’ म्हणजे बहुधा डुकराची चरबी, आणि दोन्ही डबे शेजारी ठेवलेले असतात. मसूर डाळ (रोटे लिन्झन) सगळीकडे मिळते. ती ताटात पसरून निवडा, कारण डाळींत गहू-जवाचा एखादा दाणा येतो.

बाहेर जेवायचं तर मे महिना तुम्हाला साथ देतो. पांढऱ्या शतावरीचा, म्हणजे श्पार्गेलचा हंगाम जूनच्या २४ तारखेपर्यंत चालतो. उकडलेली शतावरी, उकडलेले बटाटे, वर वितळलेलं लोणी, असं मागा. त्याच्याबरोबर येणारा पिवळा हॉलंदेझ सॉस अंड्याचा, तो नको म्हणून सांगा. फ्रेंच फ्राइज विचारल्याशिवाय घेऊ नका, त्याच तेलात ब्रेडचा चुरा लावलेलं श्नित्सेल (मांसाचं कटलेट) तळतात. बव्हेरियन बटाट्याचं सॅलड निरागस दिसतं, पण ते मांसाच्या रश्शात मुरवतात. मेनूवर पदार्थांपुढे अक्षरं किंवा आकडे असतात, ते ॲलर्जीचे संकेत. प्रत्येक हॉटेलची संकेतांची यादी वेगळी असते, म्हणून एका ठिकाणचं ‘ए’ दुसरीकडे तेच धरू नका.

इटलीबद्दल लोकांना उगीच धास्ती वाटते. पास्ता-पिझ्झाचा देश असूनही, खरं तर म्हणूनच, तिथे सिलिॲक वेटरलाही माहीत असतो. २००५ साली त्यावर खास कायदा झाला, आणि निदान झालेल्यांना ग्लुटेनविरहित खाण्यासाठी सरकारी मदत मिळते. ग्लुटेनविरहित ब्रेड-बिस्किटं औषधांच्या दुकानातसुद्धा असतात. इटालियन सिलिॲक संघटनेने (एआयसी) प्रशिक्षण दिलेल्या हॉटेलांची यादी असते. व्हेरोना आणि व्हेनिसमधली पाच-सहा नावं निघण्याआधी नकाशावर खुणा करून ठेवा. ‘सेन्त्सा ग्लूतिने’ म्हणजे ग्लुटेनविरहित, ‘मिया फील्या ए चेलियाका’ म्हणजे माझ्या मुलीला सिलिॲक आहे. तोंडी सांगण्यावर भागवू नका. दोन्ही पथ्यं लिहिलेलं कार्ड इटालियन आणि जर्मनमध्ये मुलाकडून छापून घ्या, आणि ते वेटरच्या हाती न ठेवता आत स्वयंपाक्याला दाखवायला सांगा.

तिथे विचारायचे प्रश्न वेगळे. पास्ता ग्लुटेनविरहित आहे, पण पाणी? त्याच उकळत्या पाण्यात साधा पास्ता शिजला असेल तर उपयोग नाही. रिसोतो भाताचा असतो, व्हेरोनाच्या आसपासचा तांदूळ प्रसिद्धच आहे. पण तो बहुधा मांसाच्या रश्शात शिजतो, म्हणून ‘ब्रोदो वेजेताले’ (भाज्यांचा रस्सा) का ते विचारा. व्हेनिसचा मटार-भात, रिझी ए बीझी, मेमध्ये मिळतो आणि त्यात पॅन्चेता म्हणजे डुकराचं मांस घालायची पद्धत आहे. मक्याच्या रव्याचा शिजवलेला पोलेंता तुमच्या घरच्यांना सगळ्यात आवडेल. पातळ, पातेल्यातून थेट वाढलेला मागा. तव्यावर परतलेला नको, त्या तव्यावर आधी काय परतलं ते कुणी सांगत नाही. चीजचा निर्णय घरीच घ्या. पार्मिजानो आणि ग्राना पादानो वासराच्या रेनेटनेच करतात, त्याला शाकाहारी पर्याय नाही. नको असेल तर ‘सेन्त्सा फोर्माज्जो’ म्हणा, म्हणजे चीजशिवाय. जेलातो (तिकडचं आइस्क्रीम) कपात घ्या, कोन नको, आणि चमचा धुऊन नव्या डब्यातून द्यायला सांगा. मलईच्या चवींत अंडं असू शकतं, फळांच्या सोर्बेतोत सहसा नसतं.

बाबांच्या इंडियन हॉटेलांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मुलीसाठी तो शेवटचा पर्याय. डाळीला तेच बांधणी हिंग, तंदूर नानचाच, भजी आणि समोसे एकाच कढईत. आणि ‘गहू नाही ना?’ विचारलं की आपला माणूस प्रेमाने ‘काळजी करू नका ताई’ म्हणतो. तो कढईत काय गेलं ते बघायला आत जात नाही. जर्मन वेटर ॲलर्जीची फाइल काढून दाखवतो. जायचंच तर साधा भात, दही आणि समोर उकडलेली भाजी एवढंच घ्या.

चुकून पोटात गेलंच तर त्यावर उतारा नाही. ग्लुटेन पचवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर भरवसा ठेवून पिझ्झा खाऊ नये. ओआरएसच्या सहा पुड्या न्या, थोडं थोडं प्यायला द्या, दोन दिवस भात-दह्यावर राहू द्या. उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली किंवा चक्कर येत असेल तर डॉक्टरकडे जा, प्रवास विम्याचा नंबर मुलाच्या फोनमध्येही ठेवा.

आणि परतीचा डबा. जाताना सगळे भरून नेतात, येताना सगळं संपलेलं असतं. व्हेनिसहून निघाल्यावर म्युनिकला शेवटचा दिवस मिळेल, तेव्हा दोन ब्रेडची पाकिटं, बिस्किटं आणि फळं घेऊन ठेवा. सहा कडक भाकऱ्या पहिल्याच दिवशी वेगळ्या बांधून मुलाच्या कपाटात ठेवायला सांगा, त्यांना हात लावायचा नाही. मुंबईत उतरल्यावर सिद्धेश्वर एक्स्प्रेस सुटेपर्यंत फलाटावर वडापावच्या वासात बसायचं असतं.